प्रतिकूल आवाज

मी भूलतज्ज्ञ आहे. माणसांना शांत करणं हा माझा धंदा, आणि मिरजेत या धंद्यात माझं नाव बऱ्यापैकी आहे. दाताच्या ड्रिलचा आवाज ऐकून जिन्यातूनच परत फिरणारे प्राध्यापक, खुर्चीत बसल्यावर खुर्चीचे हात उपटायला निघालेले पैलवान, अशा सगळ्यांना मी गुंगी दिली आहे आणि त्यांची अक्कलदाढ काढून होईपर्यंत त्यांच्या उशाशी बसलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना माझी मान वर राहणार नाही.

दाताच्या ऑपरेशनला गुंगी द्यायची म्हणजे मेंदूला थोडी झोप द्यायची, असं लोकांना वाटतं. पण ते औषध रक्तवाहिन्यांनाही सैल सोडतं. नळी सैल झाली की पाण्याचा जोर कमी होतो, तसा रक्तदाब उतरतो. धडधाकट हृदय चार ठोके जास्त टाकून वेळ निभावून नेतं. म्हाताऱ्या, आजारी हृदयाला ते जमत नाही. बरं, औषध कमी द्यावं तर पेशंट घाबरतो. भीतीने ठोके वाढतात, हिरडी बधिर करायच्या इंजेक्शनात अ‍ॅड्रिनलिन असतं ते त्यात भर घालतं, आणि दमलेलं हृदय धावून धावून आणखी दमतं. जास्त दिलं तरी पंचाईत, कमी दिलं तरी पंचाईत. या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने पेशंटला पलीकडे नेणं एवढंच आमचं काम.

सहा वर्षांपूर्वी ‘सोबत’ नावाचं यंत्र आलं आणि ती वाट रुंद झाली. त्यामागचा शोध तसा साधा होता. गुंगीत माणसाला शब्द कळेनासे होतात, पण कानापासून हृदयापर्यंतचा एक जुना रस्ता जागाच राहतो. व्हेगस नावाचा मज्जातंतू मानेतून छातीत उतरतो आणि हृदयाचा लगाम त्याच्या हातात असतो. ज्याच्यावर मनापासून भरवसा आहे अशा माणसाचा आवाज कानावर पडला, की हा लगाम आपोआप खेचला जातो. ठोके संथ होतात आणि औषध निम्म्यावर येतं. ‘सोबत’ त्या माणसाच्या आवाजाचा दहा मिनिटांचा नमुना घेतं, मग त्याच आवाजात पेशंटच्या कानाशी बोलत राहतं. मनगटावरच्या पट्ट्यातून ठोके आणि रक्तदाब वाचत राहतं, आणि त्यानुसार औषधाचा पंपही स्वतःच चालवतं.

आता तो भरवशाचा माणूस कोण, हे पेशंटला विचारायचं नाही. माणसं तिथे खरं बोलत नाहीत, किंवा त्यांना खरं माहीतच नसतं. त्यासाठी आवाजचाचणी करायची. पेशंटने डोळे मिटायचे, चार-पाच जणांचे आवाज मिनिटभर ऐकायचे आणि कोणत्या आवाजाला ठोके किती उतरतात ते पाहायचं. कुपवाडच्या एका पैलवानाचे ठोके बायकोच्या आवाजाने तीनने वाढले आणि तालमीतल्या वस्तादाच्या आवाजाने चौदाने उतरले. बायको फणकाऱ्याने दवाखान्यातून निघून गेली. हा किस्सा मी प्रत्येक व्याख्यानात सांगायचो. लोक खळखळून हसायचे, मीही हसायचो.

माझी आई, शशिकला उपळेकर, तीस वर्षं मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात लाइन जोडायच्या दोऱ्या. ट्रंक कॉलचा जमाना गेला, बोर्ड भंगारात गेला, पण आईचा कान तसाच राहिला. फोनवर समोरचा नुसता ‘हॅलो’ म्हणाला तरी बातमी चांगली की वाईट, हे ती ओळखायची. बाबा गेले तेव्हा ती माझ्याकडे राहायला आली. माझं लग्न त्याच्या आधीच मोडलं होतं, त्यामुळे घरात आम्ही दोघंच.

तिला सात वर्षं मी सांभाळलं. गोळ्या वेळेवर, पथ्याचं जेवण, न्हाणीघरात धरायला दांड्या, सगळं चोख. कॉलनीत माझं कौतुक होतं. ‘असा मुलगा मिळायला भाग्य लागतं’ असं शेजारच्या बायका आईला तोंडावर म्हणायच्या, आणि आई मान हलवायची.

मी तिच्यावर कधी हात उगारला नाही. तिला उपाशी ठेवलं नाही. मी फक्त बोलायचो. दूध उतू गेलं की बोलायचो, चष्मा हरवला की बोलायचो, ऑपरेशन चालू असताना तिने ‘जेवायला येणार ना?’ म्हणून फोन केला की घरी आल्यावर बोलायचो. “किती वेळा सांगायचं, आई?” हे माझं ठरलेलं वाक्य होतं. ते मी दिवसातून किती वेळा म्हणायचो, हे मी कधी मोजलं नाही. दिवसभर लोकांशी मऊ बोलून माझा मऊपणा संपलेला असायचा आणि उरलेलं तिच्या वाट्याला यायचं.

ग्रेसमावशीचं तर मी फारच वाईट केलं. ग्रेस आवळे ही सोलापूरच्या एक्स्चेंजातली ऑपरेटर. मिरज-सोलापूर लाइन जोडता जोडता या दोघींची मैत्री झाली, आणि एकमेकींचं तोंड पाहण्याआधी तीन वर्षं त्या नुसत्या आवाजाच्या मैत्रिणी होत्या. रिटायर झाल्यावरही रोज दुपारी तीनला मावशीचा फोन यायचा. आई इतकी हसायची की तिला खोकल्याची उबळ यायची. मग तिच्या हृदयाची झडप अरुंद झाल्याचं निघालं, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, आणि मी माझ्या फोनवरून तिच्या फोनवर दुपारी एक ते पाच कुणाचाही कॉल येणार नाही, इथून जाणारही नाही, अशी सोय करून टाकली. मावशीचा नंबर तर कायमचाच बंद केला. दम लागू नये म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर त्या हसण्याने माझी दुपारची झोप मोडायची.

“ग्रेसचा फोन येत नाही रे हल्ली,” आई एकदा म्हणाली.

“त्याला मी काय करू? नसेल त्यांना वेळ,” मी म्हणालो.

तिने पुन्हा कधी विचारलं नाही. या गोष्टीला सात महिने झाले होते.

आईची झडप पुण्यात बदलायचं ठरलं. पण त्याआधी तोंड साफ हवं असतं. दाताच्या मुळाशी पू असेल तर तिथले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतात, आणि मग काही खरं नसतं. आईच्या खालच्या जबड्यात दोन दाढा मोडून मुळं आत राहिली होती आणि त्यांच्याभोवती पू धरला होता. नुसतं बधिर करून काढायचा एक प्रयत्न झाला होता. मी शेजारी उभा राहून “काही होत नाही आई, तोंड उघड, अजून उघड” असा धीर देत होतो. ठोके एकशे चाळीसवर गेले, छातीत दुखायला लागलं, आणि आमच्या सर्जन डॉ. अस्मिता चौगुले यांनी हत्यारं खाली ठेवली. तेव्हा गुंगी द्यायचं ठरलं.

अरुंद झडप म्हणजे दोन फळ्यांच्या दाराची एकच फळी उघडते, तसं. आतल्या माणसांनी कितीही घाई केली तरी बाहेर पडणारी माणसं तेवढीच. रक्तदाब उतरला तर हृदय तो भरून काढू शकत नाही, त्याचं स्वतःचंच रक्त तुटतं. अशा पेशंटला ‘सोबत’शिवाय हात लावायचा नाही हे मीच चार शहरांत जाऊन शिकवलं होतं.

पण आमच्या क्षेत्रात एक रीत आहे. डॉक्टरच्या घरचं माणूस आलं की रांग नाही, केसपेपर नाही, प्रश्न नाहीत. ‘सरांच्या आई आहेत’ एवढं म्हटलं की झालं. सगळे रकाने सर स्वतः भरतात.

‘सोबत’ची जबाबदारी रेश्मा मुजावर सिस्टरकडे होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी त्या फॉर्म घेऊन माझ्याकडे आल्या.

“सर, आवाजचाचणी राहिलीय आईंची.”

“माझा आवाज लावा. नमुना आहेच मशीनमध्ये, व्याख्यानासाठी दिलेला.”

“ते झालंच सर. पण एवढी चाचणी करून घेऊया की. दहा मिनटांचं काम हाय.”

“सिस्टर, ती माझी आई आहे. तिला माझ्याशिवाय आहे कोण?”

सिस्टर जरा घुटमळल्या. “मी आईंना विचारलं होतं, कुणाचा आवाज आवडंल म्हणून. तर म्हणाल्या, त्याला विचारा, तो म्हणेल तसं.”

“मग? तो म्हणतोय ना!” मी म्हणालो आणि रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. चाचणीच्या जागी ‘आवश्यकता नाही’ असं लिहून खाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आई खुर्चीत आडवी झाली. ठोके अठ्ठ्याऐंशी होते, रक्तदाब ठीक. कानावर हेडफोन चढवले तेव्हा ती किंचित हसली. हेडफोन तिच्या सवयीचे होते. औषध सुरू झालं, तिचे डोळे मिटले आणि ‘सोबत’ माझ्या आवाजात तिच्या कानात बोलू लागलं. माझ्या समोरच्या स्पीकरवर मलाही ते हळू ऐकू येत होतं. “आई, मी इथेच आहे. काही होत नाही. शांत पडून राहा.” शब्द अगदी मऊ होते. पण त्या मज्जातंतूला शब्द कळत नाहीत, आवाज कळतो.

ठोके एकशे चारवर गेले.

“अ‍ॅड्रिनलिनमुळे असेल,” मी म्हणालो.

“इंजेक्शन अजून द्यायचंय सर,” सिस्टर म्हणाल्या.

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. डॉ. चौगुलेंनी इंजेक्शन दिलं, हिरडी उघडली, पहिलं मूळ निघालं. ठोके एकशे अठरा. इथे यंत्राचा हिशेब समजून घ्यायला हवा. ठोके वाढले म्हणजे पेशंट घाबरलाय, म्हणजे सोबत कमी पडतेय, असं ते धरतं. म्हणून ते जास्त बोलू लागतं. तरी उतरले नाहीत तर औषध वाढवतं. ‘सोबत’ माझ्या आवाजात अधिक जवळून, अधिक वेळा बोलू लागलं. ठोके आणखी वाढले. त्याने औषध वाढवलं. रक्तवाहिन्या सैल झाल्या, रक्तदाब उतरू लागला, आणि तरीही भीती काही झोपेना.

“उपळेकर,” डॉ. चौगुले मान वर न करता म्हणाल्या, “इथनं रक्त येईना झालंय.”

उघड्या हिरडीतून रक्त यायचं थांबणं म्हणजे काय, ते मी विद्यार्थ्यांना शिकवतो. मी पडद्याकडे पाहिलं. रक्तदाबाचा वरचा आकडा चौसष्ट होता. हृदयाच्या आलेखाची रेघ खाली दबायला लागली होती, म्हणजे हृदयालाच रक्त पुरत नव्हतं.

पुढचं माझ्या हातांनी केलं, मी नाही. पंप बंद केला, प्राणवायू वाढवला, पाय वर घेतले, रक्तवाहिन्या आवळणारं औषध शिरेत सोडलं. दाब नव्वदपर्यंत चढला. ठोके मात्र एकशे एकतीस. अशा झडपेला तेवढे ठोके फार वेळ झेपत नाहीत. आणि स्पीकरमधून मी बोलतच होतो. “आई, मी इथेच आहे. मी इथेच आहे.”

“सर, आवाज बंद करते,” सिस्टर म्हणाल्या.

“हात लावू नका त्याला!” मी ओरडलो.

तो आवाज यंत्राचा नव्हता, माझा स्वतःचा होता. घरात असतो तसा. पडद्यावरचा आकडा एकशे एकतीसवरून एकशे एकोणचाळीस झाला. डॉ. चौगुलेंनी तो पाहिला, सिस्टरनी पाहिला, मीही पाहिला. 

मुजावर सिस्टरनी मला न विचारता हात पुढे केला आणि माझा आवाज बंद केला.

खोलीत फक्त प्राणवायूची सुरसुर राहिली. एकशे एकोणचाळीस. एकशे सव्वीस. एकशे दहा. दोन मिनिटांत अठ्ठ्याण्णव. त्यासाठी औषध लागलं नाही, यंत्र लागलं नाही. मी गप्प झालो एवढंच पुरलं. जमीन दुभंगून पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दोन मिनिटांत समजलं.

पण काम अर्धवट होतं. दुसरं मूळ मोडून आत राहिलं होतं, भोवती पू होता. तसंच शिवून टाकणं म्हणजे विषावर झाकण ठेवणं. आणि आई गुंगीतून वर येऊ लागली होती, कण्हायला लागली होती.

“मला पंधरा मिनिटं पाहिजेत,” डॉ. चौगुले म्हणाल्या. “औषध देता येतंय का?”

“नाही. दाब पुन्हा कोसळेल.”

“मग दुसरा कुणाचा आवाज आहे का?”

होता. मी तो सात महिन्यांपूर्वी बंद केला होता. मी हातमोजे काढले, खिशातला फोन काढला, आणि त्या दोघींच्या देखत आईच्या फोनवर बंद केलेल्या नंबरांची यादी उघडली. यादीत एकच नाव होतं. ‘ग्रेसमावशी, सोलापूर’. तो नंबर मोकळा केला आणि लावला.

“हॅलो?”

“मावशी, मी निरंजन बोलतोय. शशीचा निरंजन.”

पलीकडे श्वास अडकल्याचा आवाज आला. “गेली का रे शशी?”

“नाही, नाही. मावशी, ती ऑपरेशनला आहे. तिला भीती वाटतेय. तुम्ही तिच्याशी बोला, आत्ता लगेच. ती उत्तर देणार नाही, पण ऐकेल.”

“काय बोलू मी?”

“रोज दुपारी बोलायचा ते.”

“रोज!” त्या म्हणाल्या. त्यांना खूप काही विचारायचं असणार. पण ऑपरेटर ती ऑपरेटर. समोरच्याची घाई तिला कळली. सिस्टरनी फोन ‘सोबत’ला जोडला.

“मिरज, मिरज, सोलापूर बोलतेय,” मावशीचा आवाज स्पीकरवर आला, ठणठणीत, एका सुरात. “शशे, लाइनवर हाईस न्हवं? राहा लाइनवर. सोडू नको. मी जोडून देते तुला. अगं, कुठं होतीस इतके दिवस? फोन लावून लावून बोटं दुखली माझी. बरं ते जाऊ दे. तुला तो तंबाखूवाला घाटगे आठवतोय का? रोज बार्शीला ट्रंक कॉल लावायचा अन् बायको मागं येऊन उभारली की राँग नंबर, राँग नंबर म्हणून ओरडायचा…”

शहाण्णव. अठ्ठ्याऐंशी. ब्याऐंशी. कण्हणं थांबलं. डॉ. चौगुले पुन्हा वाकल्या. मावशी घाटग्यावरून सुपरवायझरवर गेल्या, सुपरवायझरवरून नातीच्या लग्नावर, तिथून लिंबाच्या लोणच्यावर. ठोके शहात्तरवर येऊन थांबले. मूळ निघालं, पू धुतला, टाके पडले. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्याकडे करण्यासारखं काही नव्हतं आणि तिथे माझी गरजही नव्हती.

दुपारी आई शुद्धीवर आली. तोंडात कापसाचा बोळा होता, गाल सुजला होता. तिने आधी खोली पाहिली, मग मला पाहिलं, आणि बोळ्यातूनच म्हणाली, “माझं काही चुकलं का रे?”

मी नुसती मान हलवली. बोलायची मला भीती वाटली.

संध्याकाळी ‘सोबत’चा अहवाल आला. तो यंत्रच लिहितं, आम्ही फक्त सही करायची. आवाज एक, मुलगा: प्रतिकूल. शांतता: अनुकूल. आवाज दोन, मैत्रीण: अतिशय अनुकूल. खाली शेरा होता: आवाज एक या रुग्णासाठी पुन्हा वापरू नये. हा अहवाल पुण्याला जाणार होता. तिथले डॉक्टर मला ओळखत होते, माझी व्याख्यानं त्यांनी ऐकली होती.

शेऱ्याशेजारी दुरुस्तीची सोय असते. मी खालचा शेरा आणि आवाज एकच्या पुढचं ‘प्रतिकूल’ खोडलं आणि ‘नमुना सदोष’ लिहिलं. मग सही केली. सिस्टर कागद न्यायला आल्या, त्यांनी तो वाचला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो फाइलमध्ये घालून गेल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुण्याच्या तारखेपर्यंत आईच्या मनगटावर पट्टा राहणार होता आणि तिचे ठोके माझ्या फोनवर दिसणार होते. तो तीन आठवड्यांचा काळ मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. ती खिडकीशी बसलेली असायची तेव्हा बहात्तर. माझी किल्ली कुलपात फिरली की ऐंशी. मी “आई” म्हणालो की नव्वद. सात वर्षं हे चालू होतं, फक्त आकडा दिसत नव्हता.

मी मऊ बोलायचा प्रयत्न केला. एका दुपारी तिच्याजवळ बसून, पेशंटशी बोलतो त्या आवाजात म्हणालो, “आई, चहा करू का तुझ्यासाठी?”

ठोके सत्त्याण्णव झाले. ती घाबरून माझ्याकडे पाहत होती. “काय झालं? रिपोर्ट वाईट आलाय का?”

ग्रेसमावशीचे फोन पुन्हा सुरू झाले. “त्यांच्या फोनमध्ये काहीतरी बिघाड होता, आता दुरुस्त झालाय,” असं मी आईला सांगितलं. तिने “बरं” म्हटलं. मावशीला तिने काय सांगितलं असेल, कोण जाणे. तीन वाजले की मी घराबाहेर जाऊन चप्पल घालून उगाच कोपऱ्यापर्यंत चालायचो. फोनवर आकडा पाहायचो. अडुसष्ट. हसताना चौऱ्याहत्तर, मग पुन्हा अडुसष्ट.

पुण्याच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आदल्या सकाळी ‘सोबत’च्या डॉक्टर आल्या. डॉ. तेजल बिनीवाले, तिशीतल्या, हसऱ्या. माझं नाव वाचून त्यांनी मला नमस्कार केला.

“सर, तुमच्याकडूनच शिकलोय हे सगळं. आजी, उद्या कुणाचा आवाज ऐकायला आवडेल तुम्हाला? इथे दोन नावं आहेत. मैत्रिणीचा आवाज छान चाललाय. मुलाचा नमुना सदोष होता म्हणतात, तो नवीन घेता येईल.”

हे विचारायचं नसतं, चाचणी करायची असते, असं मी म्हणायला हवं होतं. पण सरांच्या आई होत्या ना.

“मुलाचाच घाला,” आई म्हणाली.

“आजी, मैत्रिणीचा आकडा फार चांगला आहे हं.”

“असू दे. मुलाचाच घाला.” मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, “त्याला वाईट वाटेल नाहीतर. एवढं करतो तो माझ्यासाठी.”

डॉ. तेजलनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं आणि मायक्रोफोन माझ्यापुढे सरकवला. “चला सर, दहा मिनिटांचा नमुना देऊन टाका.”

मी मायक्रोफोनकडे पाहत राहिलो. उद्याचं ऑपरेशन चार तासांचं होतं. चार तास माझा आवाज तिच्या कानात राहणार होता, आणि ते तिला माहीत होतं. मला वाईट वाटू नये म्हणून ती तेवढं सोसायला निघाली होती. खोलीत एक नर्स होती, एक वॉर्डबॉय होता, शेजारच्या कॉटवरची बाई आणि तिची सून होती.

“नमुना सदोष नव्हता,” मी म्हणालो. “ते मी खोटं लिहिलंय. अहवालात ‘प्रतिकूल’ असं होतं. माझ्या आवाजाने आईचे ठोके वाढतात. मिरजेत ती जायची वेळ आली होती, ती माझ्या आवाजामुळे. ती मला घाबरते. मी तिच्याशी वाईट बोलतो. सात वर्षं बोलतोय.”

डॉ. तेजलच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. मला थांबता येईना.

“आणि आई, ग्रेसमावशीचे फोन मीच बंद केले होते. त्यांच्या फोनमध्ये काही बिघाड नव्हता.”

शेजारची सून आमच्याकडे टक लावून पाहत होती. मी मान खाली घातली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचीही लाज वाटत होती.

 आईने पदर नीट केला.

“मला ठाऊक आहे ते,” ती म्हणाली.

मी वर पाहिलं.

“तीस वर्षं एक्स्चेंजात काढली मी. फोन लागत नाही आणि फोन लागू देत नाहीत, यातला फरक मला कळत नाही होय रे? पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“कशी बोलणार? तोंड उघडलं की तू खेकसणार.” तिचा आवाज चढला होता. “आणि काय रे, यंत्राच्या कागदावर खोटं लिहितोस? डॉक्टर ना तू? लोकांचा जीव त्याच्यावर असतो! बाबा असते तर चामडी लोळवली असती तुझी. आणि आता चारचौघांत रडतोस काय? डोळे पूस आधी. ग्रेसला फोन लाव आणि तिची माफी माग, माझ्यासमोर. लाव म्हणते ना!”

डॉ. तेजल आईच्या ठोक्यांच्या पडद्याकडे पाहत होत्या. मी पाहिलं नाही.

सात वर्षांत पहिल्यांदा आई मला रागावत होती. मी फोन काढला, सोलापूरचा नंबर लावला, आणि घंटा वाजत असताना खाली मान घालून ऐकत राहिलो. तिने इतक्यात थांबू नये, एवढंच मला वाटत होतं.